कल

एर्सिलिया ओयार्सून आता उडत नाही.
उजव्या कानातलं काहीतरी बिनसलंय म्हणे,
सांतियागोहून एक पिवळं पाकीट आलं
आणि तिचा परवाना घेऊन गेलं.
मी तिची शेवटची विद्यार्थिनी.
मला तिने स्वयंपाकघरात उडायला शिकवलं.

पहिल्या दिवशी नुसती मान.
म्हणाली, हो म्हण. मी मान डोलावली.
हे नाकाचं वर-खाली.
नाही म्हण.
हे नाकाचं डावं-उजवं, वारा आडवा आला की लागतं,
आणि पातागोनियात वारा आडवाच येतो.
आता म्हण, कोण जाणे.
मी कान खांद्याकडे नेला.
हा पंखांचा कल. याला जप.
हो आणि नाही अंगाला कळतात,
कोण जाणे इतकं हळू सुरू होतं
की कळतच नाही.

मग एकदा पाव.
दोन लांबट पाव, दोघांच्या पोटात आडव्या सुऱ्या,
दोघांची नाकं खिडकीकडे, तळ्याकडे.
एकाचं नाक आधी उचललं, मग त्याला कुशीवर फिरवलं.
दुसऱ्याला आधी कुशीवर घेतलं,
मग नाक उचललं, त्याच्या पाठीच्या दिशेने.
वळणं तीच. मापं तीच.
एक पाव छताकडे बघत होता
आणि एक चुलीकडे.
मी म्हटलं, मग आपण नेमके कसे आहोत
हे सांगायचं तरी कसं?
तिने चुलीकडचा पाव कापला, लोणी लावलं.
खा आधी.

पाण्याचं तिने हिवाळ्यापर्यंत सांगितलं नव्हतं.
सफाईने वळ, तीस अंश कलून,
आणि पेला मांडीवर धर:
पाणी काठाशी समांतरच राहील.
जग तिरपं, आणि पाणी म्हणतं, सगळं ठीक.
तुझ्याही कानात पाणी आहे, पोरी,
आसवाएवढं.
त्याची साक्ष काढू नकोस.

ऑगस्टमध्ये मी टपाल, खमीर आणि एक शिवणयंत्र घेऊन
तळ्यापलीकडे निघाले, आणि ढग
दार लोटल्यासारखा आत आला.
पांढरं. वर पांढरं, खाली पांढरं.
मी सरळ चालले होते, शपथेवर सांगितलं असतं.
समोरच्या काळ्या डबीतलं क्षितिज मात्र,
अर्धं निळं अर्धं तपकिरी,
कलंडलं होतं.
मी नखाने काचेवर टकटक केलं,
बिघडलेल्या घड्याळावर करतात तसं.
शेजारी होकायंत्रही निवांत फिरत होतं.
दोघं एकाच वेळी खोटं बोलणार नाहीत.
म्हणजे तिसरी, मी.

पंख सरळ केले तशी मी उजवीकडे कोसळू लागले.
कोसळत नव्हते. पण खांदा आपोआप डावीकडे गेला,
मान गेली, जीभसुद्धा डाव्या दाढेला चिकटली.
अकरा मिनिटं मी सरळ विमानात
वाकडी बसून होते
आणि स्वतःवर विश्वास ठेवत नव्हते.
मग भोक पडलं ढगाला, त्यातून मेंढ्या दिसल्या,
सगळ्या आपापल्या पायांवर.

परतले तेव्हा ती टेबलाची कड धरून बसली होती.
बोटं पांढरी. माते सांडलेली.
खोली फिरतेय, म्हणाली, पेला दे.
मी दिला. ती प्यायली नाही.
समोर ठेवला, आणि पाण्याच्या रेघेकडे बघत राहिली
डोळ्यांचं मुळीच न ऐकता.
इथे ते खरं बोलतं, म्हणाली,
जमिनीवर.

बाहेर वारा पत्रे उचकटत होता.
मी ढगाचं काही सांगितलं नाही, तिने खांदा बघितला असावा.
खूप वेळाने विचारलं, थांबेल ना आता?

कोण जाणे, एर्सिलिया म्हणाली,
मान जराही न हलवता.